खाशाबा जाधव : अर्ध्या तासाच्या विश्रांतीची गोष्ट

ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा खेळाडू महाराष्ट्रातल्या एका खेड्यातला होता, हे आपण शाळेत वाचलेले असते. नाव खाशाबा दादासाहेब जाधव. गाव गोळेश्वर, तालुका कऱ्हाड, जिल्हा सातारा. स्पर्धा १९५२ ची, ठिकाण फिनलंडची राजधानी हेलसिंकी, पदक कांस्य. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात या माहितीला दोन ओळी मिळतात आणि पोलिस भरतीची तयारी करणारी मुले त्या पाठ करतात. पण डॉक्टरच्या नजरेने हे आयुष्य वाचले, तर त्यात शरीराविषयी शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ताकद कशाला म्हणायचे, थकवा म्हणजे नेमके काय, विश्रांती का लागते, गुडघा दुखावला की काय होते, हे सगळे या एका माणसाच्या चरित्रात सापडते. म्हणून आजच्या सदरात खाशाबा.

तालमीतले बालपण

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले पैलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षीच वडिलांनी त्यांना कुस्तीचे धडे द्यायला सुरुवात केली. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. कुस्तीबरोबरच पोहणे, धावणे, मल्लखांब यांतही ते तरबेज होते. कऱ्हाड म्हणजे कृष्णा आणि कोयना यांच्या संगमावरचे गाव, तेव्हा पोहायला नदी होती आणि धावायला शेतातले रस्ते होते.

लहान वयात एकच खेळ धरून बसण्यापेक्षा अनेक प्रकारच्या हालचाली शरीराला करायला लावणे चांगले, असे आजचे क्रीडावैद्यक सांगते. पोहण्याने खांदे आणि फुप्फुसे तयार होतात. मल्लखांबाने पकड आणि तोल येतो. धावण्याने हृदय दणकट होते. एकाच सांध्यावर, एकाच स्नायूवर रोज तोच भार पडत नाही, त्यामुळे वाढत्या हाडांना इजा कमी होते. खाशाबांच्या घरात ही शास्त्रीय भाषा कोणी वापरली नसेल, पण तालमीची जुनी पद्धत याच रस्त्याने चालत होती.

१९४२ च्या चले जाव चळवळीत खाशाबा सोळा वर्षांचे होते. सातारा जिल्हा त्या काळी भूमिगतांचा बालेकिल्ला होता. खाशाबांनीही क्रांतिकारकांना आसरा देण्याचे आणि इंग्रजांविरुद्धची पत्रके वाटण्याचे काम केले.

बारीक दिसणारा पैलवान

शाळा संपवून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. तिथे कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत नाव द्यायला गेले, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांची अंगकाठी पाहून नाव घ्यायला नकार दिला. इतका सडपातळ मुलगा काय कुस्ती करणार, असे त्यांना वाटले. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि स्पर्धेत एकामागून एक गडी पाडले.

इथे थोडे थांबू. पैलवान म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोठे पोट, जाड मान, रुंद छाती येते. पण ताकद स्नायूच्या आकारावरच अवलंबून नसते. एका स्नायूत हजारो तंतू असतात आणि त्यातले किती तंतू एकाच क्षणी कामाला लावायचे, हे मेंदू आणि मज्जातंतू ठरवतात. वर्षानुवर्षांच्या सरावाने हे नियंत्रण वाढते. त्यामुळे बारीक दिसणारा सराव केलेला माणूस जाड दिसणाऱ्या बिनसरावाच्या माणसाला सहज भारी पडतो. शिवाय शरीर जसे मोठे होते, तसे वजन ताकदीपेक्षा जास्त वेगाने वाढते. म्हणून स्वतःच्या वजनाच्या तुलनेत पाहिले तर लहान चणीची माणसे बहुधा अधिक ताकदवान निघतात.

खाशाबांची उंची साधारण ५ फूट ५ इंच. हेलसिंकीत ते ज्या गटात खेळले, त्याची मर्यादा ५७ किलो होती. हिशेब केला तर बॉडी मास इंडेक्स २१ च्या आसपास येतो. म्हणजे आपल्या कोणत्याही ओपीडीत आम्ही ज्याला अगदी योग्य वजन म्हणू, तेवढेच. या चणीमुळेच त्यांना पुढे पॉकेट डायनॅमो असे नाव पडले. शरीर पाहून पोराला बाजूला काढणारे क्रीडाशिक्षक आजही भेटतात. त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

लंडन : मातीतून गादीवर

१९४८ चे लंडन ऑलिंपिक हे स्वतंत्र भारताचे पहिले ऑलिंपिक. खाशाबा तेव्हा २२ वर्षांचे होते. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनमध्ये रीस गार्डनर या प्रशिक्षकांनी त्यांना तयार केले. खाशाबा ५२ किलोच्या फ्लायवेट गटात उतरले. पहिल्याच लढतीत त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस यांना काही मिनिटांत हरवले. मग अमेरिकेच्या बिली जेर्निगन यांनाही हरवले. पुढे इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून हार पत्करावी लागली आणि खाशाबा सहाव्या क्रमांकावर राहिले.

सहावा क्रमांक ऐकायला लहान वाटतो. पण तोपर्यंतची त्यांची सगळी कुस्ती लाल मातीतली होती आणि ऑलिंपिकची कुस्ती गादीवरची. फरक नुसता जागेचा नसतो. मातीत पाय थोडा रुततो, आधार मिळतो, घामाने निसरड्या झालेल्या अंगाला माती लावून पकड घट्ट करता येते. गादीवर पाय वेगळ्या पद्धतीने सरकतो, वळताना गुडघ्यावर आणि घोट्यावर वेगळा ताण येतो. मातीतल्या कुस्तीत गडी चितपट केला की कुस्ती संपली, गादीवर मात्र गुणांचा हिशेब असतो. थोडक्यात, मज्जासंस्थेने पंधरा-वीस वर्षांत जे धडे गिरवले, त्यातले बरेचसे पुन्हा नव्याने गिरवावे लागतात. एवढ्या अडचणीतही जगातल्या पहिल्या सहांत येणे ही मोठी गोष्ट होती. ढाक हा डाव खाशाबांचा खास. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत आवळून त्याला उलथवून टाकायचे. लंडनहून परतल्यावर त्यांनी सराव वाढवला आणि पुढच्या खेपेसाठी वजनगटही वरचा घेतला.

हेलसिंकीचे तिकीट

१९५२ च्या संघात मात्र त्यांची निवड सहजासहजी झाली नाही. निवड चाचणीत आपल्यावर अन्याय झाला, अशी त्यांची तक्रार होती. दाद मागण्यासाठी ते पतियाळाच्या महाराजांकडे गेले. महाराजांनी पुन्हा लढत लावली, खाशाबांनी ती जिंकली आणि संघात जागा मिळवली.

मग प्रश्न आला पैशाचा. सरकारदरबारी फारशी दाद लागली नाही. गोळेश्वर आणि आसपासच्या गावांतून वर्गणी गोळा झाली. कोणी धान्य दिले, कोणी रुपये दिले, कऱ्हाडच्या दुकानदारांनी आपला वाटा उचलला. तरीही रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. त्या काळात ७,००० रुपये ही फार मोठी रक्कम होती. आपल्या विद्यार्थ्याच्या अंगात काय आहे, हे ओळखून एका शिक्षकाने डोक्यावरचे छप्पर पणाला लावले.

२३ जुलै १९५२

हेलसिंकीत ५७ किलोच्या बँटमवेट फ्रीस्टाईल गटात खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विन यांना हरवले, मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तो यांना हरवले, जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झ यांना हरवले. शेवटच्या टप्प्यात त्यांच्यासमोर दोघे होते, जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद ममादबेयोव. त्या काळी कुस्तीची वेळ १५ मिनिटांची असे. आज ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, म्हणजे सहा मिनिटांची आहे. यावरून त्या लढती किती दमवणाऱ्या असतील याची कल्पना यावी.

त्या दिवसाची हकिकत कऱ्हाड-कोल्हापूरकडे आजही सांगितली जाते, ती अशी. इशी यांच्याशी प्रदीर्घ झुंज झाली. खाशाबा गादीवरून उतरतात न उतरतात तोच ममादबेयोव यांच्याशी लढायला उभे राहा, असा पुकारा झाला. नियमाप्रमाणे दोन लढतींमध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायला हवी होती. पण तो नियम पंचांना दाखवून देण्यासाठी भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबांना भाषेची अडचण, बाजू मांडायला कोणी नाही. ते तसेच पुन्हा उभे राहिले आणि हरले. इशी यांना सुवर्ण, ममादबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. तारीख होती २३ जुलै १९५२. दुसऱ्याच दिवशी भारताच्या हॉकी संघाने नेदरलँड्सला ६–१ ने हरवून सुवर्णपदक जिंकले आणि देशाच्या आनंदात हॉकीचा आवाज मोठा राहिला. त्याच कुस्ती पथकातले केशव माणगावे हेही पदकाच्या उंबरठ्यावरून परतले.

विश्रांती मिळाली असती तर निकाल वेगळा लागला असता का, हे कोणालाही सांगता येणार नाही. पण अर्ध्या तासाने शरीरात काय घडते, हे वैद्यकशास्त्र नीट सांगू शकते.

अर्ध्या तासात शरीर काय करते

आपला स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याला इंधन लागते. पहिल्या आठ-दहा सेकंदांच्या जोरासाठी स्नायूत क्रिएटिन फॉस्फेट नावाचा तयार साठा असतो. ढाक मारायची, गडी उचलायचा, हे सगळे या साठ्यावर. तो संपला की स्नायू साखर जाळू लागतो, पण जोर इतका असतो की तेवढ्या वेगाने प्राणवायू पोहोचत नाही. मग प्राणवायूशिवायच साखरेचे विघटन होते आणि त्यातून लॅक्टेट तयार होते. सोबत स्नायूत आम्लता वाढते. दंड भरून येणे, पकड सुटणे, पाय जड होणे, हे याच अवस्थेचे अनुभव आहेत. लॅक्टेट म्हणजे विष अशी जुनी समजूत आहे, ती बरोबर नाही. हृदय आणि इतर स्नायू लॅक्टेट इंधन म्हणून वापरतात. पण त्यासाठी त्यांना वेळ द्यावा लागतो.

तो वेळ किती? क्रिएटिन फॉस्फेटचा साठा तीन ते पाच मिनिटांत बराचसा भरून येतो. रक्तातले लॅक्टेट निम्म्यावर यायला साधारण १५ ते २५ मिनिटे लागतात. नुसते आडवे पडण्याऐवजी हळूहळू चालत राहिले तर ते आणखी लवकर उतरते. हृदयाचे ठोके आणि शरीराचे तापमान खाली यायलाही वेळ लागतो. घोट घोट पाणी पिऊन रक्तातले पाणी भरून काढायलाही वेळ लागतो. म्हणजे अर्ध्या तासाचा नियम हा कुणाच्या सोयीसाठी केलेला नव्हता. शरीराच्या घड्याळाशी तो बऱ्यापैकी जुळतो. पाच मिनिटांत माणूस बोलायला तयार होतो, लढायला नाही.

नियम कागदावर होता. तो अमलात आणणारा माणूस शेजारी नव्हता. खेळाडूच्या अंगातली ताकद आणि त्याच्या मागे उभी असलेली व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पदकासाठी दोन्ही लागतात.

बैलगाड्यांची मिरवणूक

खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाड स्टेशनवर माणसांचा महापूर लोटला होता. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल, ताशे, लेझीम, फटाके. एरवी पंधरा मिनिटांत जाता येणारे अंतर कापायला त्या दिवशी सात तास लागले. गोळेश्वरचे नाव देशाला कळले.

सत्कार आटोपल्यावर खाशाबांनी पहिले काम काय केले, हे सांगण्यासारखे आहे. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले आणि जमलेल्या पैशातून खर्डेकर सरांचे गहाण पडलेले घर सोडवले.

गुडघा

१९५५ मध्ये खाशाबा पोलिस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पुढचे लक्ष्य १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक होते. पण त्याआधी गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि ऑलिंपिकचा रस्ता तिथेच बंद झाला.

कुस्तीत गुडघा हा सर्वांत जोखमीचा सांधा. पाय जमिनीला रोवलेला आणि धड फिरलेले, अशा अवस्थेत वजन पडले की दोन गोष्टींना इजा होते. एक, सांध्याच्या मधोमध असलेला क्रुशिएट लिगामेंट हा दोरीसारखा बंध. दुसरी, दोन हाडांच्या मध्ये गादीसारखी असणारी कूर्चेची चकती, म्हणजे मेनिस्कस. १९५० च्या दशकात या दुखापतीचे निदान हाताने तपासून आणि अंदाजानेच होत असे. एमआरआय नव्हते. दुर्बिणीतून मेनिस्कसची पहिली शस्त्रक्रिया जपानमध्ये मासाकी वातानाबे यांनी केली ती १९६२ मध्ये. त्याआधी प्लास्टर, विश्रांती किंवा सांधा उघडून सगळी चकतीच काढून टाकणे, एवढेच मार्ग होते. चकती काढली की काही वर्षांत हाडावर हाड घासून सांधा झिजतो. त्या काळात गुडघा गेला म्हणजे खेळाडूची कारकीर्द संपली, असेच समजत.

आज तसे नाही, पण त्यासाठी वेळेवर दवाखान्यात यावे लागते. आमच्याकडे दंगलीत किंवा कबड्डीत गुडघा मुरगळलेली मुले येतात ती अनेकदा पंधरा दिवस, महिनाभर मालिश आणि शेक करून. लक्षात ठेवावे असे तीन इशारे आहेत. मार लागल्यावर दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजला, तर आत रक्तस्राव झाला असण्याची शक्यता मोठी आणि बंध तुटलेला असू शकतो. चालताना गुडघा अचानक लचकून सुटल्यासारखा वाटला, तर तेही बंधाचे लक्षण. गुडघा वाकलेल्या अवस्थेत अडकून बसला, सरळ होईना, तर चकती फाटून मध्ये आली असू शकते. अशा वेळी पहिले दोन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून लावावा, पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा. मालिश आणि गरम शेक टाळावा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे.

खाकीतली सत्तावीस वर्षे

पोलिस दलात खाशाबांनी २७ वर्षे नोकरी केली. दलांतर्गत कुस्त्या जिंकल्या, इतरांना शिकवले आणि सहायक पोलिस आयुक्त पदावरून निवृत्त झाले. १९८२ मध्ये दिल्लीत आशियाई खेळ झाले, तेव्हा मशाल नेण्याचा मान त्यांना मिळाला. पण निवृत्तीनंतर पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले. उतारवयात पैशाची ओढाताण राहिली.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, रस्त्यावरच्या अपघातात खाशाबा गेले. वय अवघे ५८. गादीवर ज्याला उचलून आपटणे जगातल्या मोजक्या माणसांनाच जमले, त्याला रस्त्याने नेले.

हयातीत त्यांना केंद्राचा मोठा सन्मान मिळाला नाही. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार आणि केंद्राचा अर्जुन पुरस्कार, दोन्ही मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल खेळांवेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी आता राज्यात क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्यानंतर भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ४४ वर्षे लागली. ते १९९६ मध्ये अटलांटात लिएंडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळवले. कुस्तीतले पुढचे पदक २००८ मध्ये सुशील कुमार यांचे. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचे वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षे जावी लागली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकले.

भंडाऱ्याच्या मुलांसाठी

भंडारा जिल्हा कुस्तीसाठी कोल्हापूरइतका प्रसिद्ध नाही. पण धानाची कापणी झाली की गावोगावी मंडई भरते, कुठे दंगल लागते. आणि पहाटे साडेचारला तुमसर, साकोली, पवनीच्या रस्त्यांवर पोलिस आणि सैन्य भरतीसाठी पळणारी शेकडो मुले-मुली दिसतात. खाशाबांच्या आयुष्यातून त्यांनी नेमके काय घ्यावे?

पहिली गोष्ट विश्रांतीची. रोज डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या मुलांची नडगी दुखू लागते. दुखणे एका बोटाखाली येईल इतक्या एकाच जागी असेल, दाबल्यावर कळ येत असेल आणि रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. अशा वेळी गोळी खाऊन पळणे म्हणजे तडा वाढवणे. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती, मातीच्या मैदानावर सराव आणि अंतर हळूहळू वाढवणे, हा साधा उपाय आहे. विश्रांती हा सरावाचाच भाग आहे, आळस नव्हे. स्नायू व्यायामाच्या वेळी नव्हे, त्यानंतरच्या झोपेत आणि विसाव्यात बळकट होतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणे, उन्हात जाड कपडे घालून पळणे, जुलाबाच्या गोळ्या घेणे, हे प्रकार कुस्तीत जगभर चालतात. १९९७ मध्ये अमेरिकेत अशाच प्रयत्नात सुमारे महिनाभराच्या काळात कॉलेजचे तीन कुस्तीगीर दगावले आणि तिथले नियम बदलावे लागले. शरीरातले पाणी वजनाच्या दोन टक्क्यांनी कमी झाले तरी कामगिरी घसरू लागते. ५७ किलोच्या माणसासाठी ते फक्त सव्वा लिटरच्या आत येते. पाणी आटले की रक्त दाट होते, हृदयाला जास्त धडधडावे लागते आणि शरीर थंड ठेवणारा घाम कमी होतो. वजन उतरवायचे असेल तर काही आठवडे आधीपासून आहारातून उतरवावे, आदल्या रात्री पाण्यातून नव्हे.

तिसरी गोष्ट खास आपल्या भागाची, सिकलसेलची. पूर्व विदर्भात सिकलसेलचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. वाहकाला एरवी काही त्रास नसतो, तो रुग्ण नसतो. पण कडक उन्हात, पाणी कमी पडलेले असताना आणि मध्ये थांबायला न देता अतिश्रम झाले, तर काही वाहकांमध्ये लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, स्नायूंना रक्त कमी पडते आणि मुलगा पळता पळता कोसळू शकतो. ही घटना क्वचित घडते, पण घडते, आणि ती टाळता येते. अमेरिकेत कॉलेजच्या वरच्या स्तरावरच्या खेळाडूंची यासाठी २०१० पासून तपासणी केली जाते. आपल्याकडे सोल्युबिलिटी चाचणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. ती होकारार्थी आली तर इलेक्ट्रोफोरेसिसने वाहक की रुग्ण हे कळते. वाहक निघाला म्हणून खेळ किंवा भरतीचा सराव सोडण्याचे कारण नाही. सावकाश सराव वाढवावा, पाणी प्यावे, ताप असताना पळू नये, आणि पाय गोळा होऊन ताकद गेल्यासारखी वाटली की तिथेच थांबावे. सोबतच्या प्रशिक्षकाला हे आधी सांगून ठेवावे, म्हणजे थांबलेल्या मुलाला तो कामचुकार म्हणणार नाही.

चौथी गोष्ट रस्त्याची. भंडारा, लाखनी, साकोली यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग आमच्या अपघात विभागाला रोज काम पुरवतो. दुचाकीस्वाराने हेल्मेट घातले तर मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला मार लागण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षातून दिसले आहे. पहाटे अंधारात महामार्गाच्या कडेने पळणाऱ्यांनी समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, पांढऱ्या किंवा चमकणाऱ्या कपड्यांत पळावे. शक्य असेल तर शाळेचे मैदान गाठावे. अपघात दिसला तर १०८ ला फोन करावा. खाशाबा गेले तेव्हा ही रुग्णवाहिका सेवा नव्हती, आज आहे.

आणि शेवटची गोष्ट मुलांसाठी नाही, मोठ्यांसाठी आहे. खाशाबांच्या पदकामागे वडील होते, परवानगी देणारे प्राचार्य होते, घर गहाण ठेवणारे खर्डेकर सर होते, वर्गणी देणारा गाव होता. जिथे त्यांच्या बाजूने कोणीच उभे नव्हते, त्या एका जागी, हेलसिंकीच्या गादीशेजारी, त्यांना एकट्याने निभवावे लागले. आपल्या गावातली मुले स्पर्धेला किंवा भरतीला जातील, तेव्हा त्यांच्यासोबत नियम माहीत असलेला, पाण्याची बाटली हातात धरलेला आणि या मुलाला थोडा दम घेऊ द्या असे ठणकावून सांगणारा एक जाणता माणूस जरूर पाठवा.